चौघी निघाल्या जुन्नरला

माझी भाची गेल्या वर्षी शिकायला जर्मनीला गेली. तिथली मुलं म्हणे शुक्रवारी संध्याकाळी पाठीवर पिशवी टाकतात, चौघं-पाच जण मिळून आगगाडीत बसतात आणि शनिवार-रविवारात प्राग नाहीतर व्हिएन्ना बघून सोमवारी वर्गात हजर! तिनं प्रागचे फोटो पाठवले. जुना पूल, भलंमोठं घड्याळ, टेकडीवरचा किल्ला. एकेक फोटो सरकवता सरकवता माझ्या मनात आलं, अगं बाई, विद्यार्थिनी तर मीही आहेच की! लग्नाला बारा वर्षं झाल्यावर बाहेरून एम.ए.ला बसले आहे. विषय इतिहास. सकाळी अर्धा वेळ शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवायचं, दुपारी स्वतःच्या वह्या काढायच्या आणि संध्याकाळी मुलांच्या वह्या तपासायच्या, असा सगळा वह्यांचाच संसार.

रविवारच्या वर्गात माझ्यासारख्याच आणखी तिघी भेटल्या. एक बँकेत आहे, एक घरी शिवणाचा क्लास घेते, आणि तिसरी दोन जुळ्यांची आई, म्हणजे तिची नोकरी कोणती ते सांगायलाच नको. आमच्या अभ्यासक्रमात सातवाहनांचं प्रकरण आहे आणि त्यात ‘नाणेघाटचा शिलालेख’ ही पाच मार्कांची टीप हमखास येते. एकदा टीप पाठ करता करता शिवणवाली म्हणाली, “हे नाणेघाट आहे तरी कुठं गं?” “जुन्नरजवळ. माझी मावशी जुन्नरातच असते,” जुळ्यांची आई म्हणाली. झालं! डिसेंबरातला एक शनिवार-रविवार तिथल्या तिथे ठरला.

ठरला म्हणजे वर्गात ठरला. घरी ठरायला आणखी तीन आठवडे गेले. “काय आहे जुन्नरात बघण्यासारखं?” हा प्रश्न चौघींच्याही घरी विचारला गेला. शिवनेरी तर शाळेच्या सहलीत झालाय, अष्टविनायक सासूबाईंबरोबर झालेत, मग आता कशाला? बँकवालीच्या घरी “आपण सगळेच जाऊ ना गाडीनं” असा प्रेमळ प्रस्ताव आला, तो मोडता मोडता तिच्या नाकी नऊ आले. शिवणवालीचं तर शुक्रवारी रात्रीपर्यंत नक्की नव्हतं. माझ्या सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला. “दोन दिवसांत आम्ही काय उपाशी मरणार आहोत? जा तू.” त्यांच्या या वाक्याची आठवण मी पुढं बरेच दिवस घरातल्या मंडळींना करून देणार आहे.

पुण्याहून जुन्नर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. बायकांना २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च एका चांगल्या ब्लाउजच्या शिलाईपेक्षा कमी, असा हिशेब शिवणवालीनंच करून दाखवला. हो, ती आली! सकाळी साडेसहाच्या गाडीला धापा टाकत आली. नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर, मंचर मागं टाकून गाडी नारायणगावला थांबली. डाव्या-उजव्या हाताला टोमॅटोचे क्रेट रचलेले टेंपो, आणि रस्त्याकडेला तमाशाच्या फडांच्या पाट्या. जत्रांच्या दिवसांत गावोगावचे पंच फडांची सुपारी द्यायला इथंच येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवलं गेलं. भर प्रयोगात कळा सुरू झाल्या, पडद्यामागं बाळंतपण झालं, दगडानं नाळ तोडली आणि बाई पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. जुळ्यांची आई खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाली, “मी तर तेराव्या दिवसापर्यंत उठले नव्हते गं.”

जुन्नरला उतरलं की समोर शिवनेरी दिसतोच. पुढून बघितलं तर एखादं मोठं जहाज रुतून बसावं तसा. पिशव्या मावशींच्या घरी टाकल्या, चहा घेतला आणि लगेच निघालो. गडाच्या निम्म्यापर्यंत गाडी जाते, तिथून पायऱ्या. एकामागून एक सात दरवाजे लागतात. त्यातल्या एकाचं नाव ‘परवानगीचा दरवाजा’. पाटी वाचून बँकवाली कपाळावर हात मारून म्हणाली, “घ्या! इथंही परवानगी!” चौघी इतक्या हसलो की मागून येणारी शाळेची मुलं थबकून बघायला लागली.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात शिवनेरीही आहे. गड चांगला राखलेला वाटला. बाजूला फुलझाडं, जागोजागी पाट्या. शिवाईदेवीचं देऊळ वाटेतच आहे, डोंगराच्या पोटात. तिच्यावरूनच बाळाचं नाव शिवाजी ठेवलं असं सांगतात. वर अंबरखाना आहे, म्हणजे धान्याचं कोठार. आता पडीक आहे, पण भिंतींची जाडी बघून छाती दडपते. सतराव्या शतकात इथं येऊन गेलेल्या जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं लिहून ठेवलंय, की गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतकी बेगमी आहे. सात वर्षं! आपण एप्रिलात वर्षाचे गहू भरतो, त्यात कडुनिंबाचा पाला घालतो, उन्हं दाखवतो, तरी दिवाळीपर्यंत पोरकिडा होतोच. इथल्या कोठारवाल्यांचं काही गुपित असेल तर ते कुठल्याही बखरीत सापडत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांना तलवारी मोजता येतात, कणग्या नाही.

आणि मग जन्मस्थानाची इमारत. दुमजली, साधी, खालची खोली लहानशी. शाळेत असताना मी इथं रांगेतून आले होते, बाई “चला चला” म्हणत होत्या आणि आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो होतो. या खेपेला रांग नव्हती. बाहेरच्या कट्ट्यावर आम्ही बराच वेळ बसलो. माझ्या पिशवीत टिपणं होतीच. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव निजामशहाच्या दरबारात, दौलताबादेला, दग्यानं मारले गेले ते १६२९ च्या जुलैत. एकटे नाहीत, बरोबर दोन मुलगे आणि एक नातूही. म्हणजे जिजाबाईंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेले.

ही दोन्ही सालं मी परीक्षेसाठी पाठ केलेली आहेत, पण वेगवेगळ्या प्रकरणांत. शिवणवालीनं बोटावर मोजायला सुरुवात केली. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर... बायका नेहमी मोजतात तसं, मागं मागं. जुलैला आली तेव्हा ती थांबली. “अगं, दुसरा-तिसरा महिना असणार तेव्हा.” आम्ही कुणीच काही बोललो नाही. उलट्या व्हायचे दिवस ते. त्यात माहेर एका दिवसात पुसलं जातं, नवरा मोहिमेवर, आणि आपल्याला या कड्यावर आणून ठेवलंय, कारण थोरल्या मुलाची सासुरवाडी इथली आणि गड भक्कम. बाळ झालं आणि त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. १६३० ते ३२ चा तो दुष्काळ दख्खनच्या इतिहासातला फार मोठा दुष्काळ. तिकडं देहूला तुकोबांची पहिली बायको त्याच दुष्काळात अन्नावाचून गेली. अंगावर पिणारं मूल घेऊन जिजाबाईंनी ते दिवस काढले. समोर शिवकुंजात मायलेकरांचा पुतळा आहे, १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं त्याच वेळचा. सुंदर आहे, मुलाच्या हातात तलवार आहे. मला मात्र त्या कट्ट्यावरून उठल्यावर पुतळ्यापेक्षा शेजारच्या पाण्याच्या टाक्याच जास्त बघाव्याशा वाटल्या. गंगा-जमुना म्हणतात त्यांना. डिसेंबरातही गार, स्वच्छ पाणी. बाळाच्या अंघोळीचं पाणी इथूनच आणत असतील का? असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत.

एक गोष्ट तिथल्या पाटीवर नसते, ती सांगते. हा गड १६३६ नंतर मोगलांकडे गेला आणि महाराजांनी प्रयत्न करूनही त्यांच्या हयातीत तो परत हाती आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहर लुटून पैसा आणि घोडे नेले, पण गड तसाच राहिला. एवढे किल्ले घेणाऱ्या मुलाला आईचं बाळंतपण झालेलं घर तेवढं घेता आलं नाही.

दुपारी झुणका-भाकर खाऊन लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या आणि तितकीच माकडं. हातात प्रसादाची पिशवी दिसली की संपलंच. गिरिजात्मजाचं दर्शन झालं. गिरिजेचा आत्मज, म्हणजे पार्वतीचा मुलगा. पुत्रासाठी पार्वतीनं याच डोंगरात तप केलं अशी कथा आहे. अष्टविनायकांतला हा एकच डोंगरातला, आणि तोही मूळच्या बौद्ध लेण्यात बसलेला. एवढा प्रचंड दगडी दालन-मंडप आणि मध्ये एकही खांब नाही. भोवती भिक्षूंच्या खोल्या, त्यांत दगडी बाक. जुळ्यांची आई एका बाकावर आडवी होऊन म्हणाली, “मला इथंच ठेवा. कुणी हाक मारणार नाही.”

शेजारचं चैत्यगृह मात्र बहुतेक जण न बघताच उतरतात. तसं करू नका. त्यावरच्या लेखात लिहिलंय की हे कल्याणच्या सोनाराचा मुलगा सुलसदत्त यानं दिलं. राजानं नाही, सोनाराच्या मुलानं! जुन्नरच्या भोवती अशी दीडशेच्या वर लेणी आहेत, शिवनेरीच्या पोटात, मानमोडीच्या डोंगरात, तुळजा लेणीत. दान देणारे कोण कोण आहेत बघा. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे आजच्या भाषेत भुसार व्यापाऱ्यांच्या संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे टाकं. चिट नावाच्या यवनानं, म्हणजे बहुधा ग्रीक माणसानं, शिवनेरीवर भिक्षूंसाठी भोजनमंडप खोदून दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनानं दोन पोढ्या दिल्या. दोन हजार वर्षांपूर्वी कुठून तरी समुद्रापलीकडून आलेला माणूस जुन्नरात पंगतीची सोय करून गेला! आणि एका लेखात गावातल्या भिक्षुणींच्या विहाराचा उल्लेख आहे. म्हणजे घरदार सोडून अभ्यासाला बसलेल्या बायकाही या गावात होत्या. त्यांना परवानगी कुणाची लागत असेल, यावर उतरताना बरीच चर्चा झाली.

अंधार पडायच्या आत घरी या, असं मावशींनी बजावून सांगितलं होतं. जुन्नरात हे उगीच काळजीपोटी सांगत नाहीत. उसात बिबटे असतात. माणिकडोहला वनखात्याचं बिबट्यांचं केंद्रच आहे. संध्याकाळी शेताकडेच्या वाटेनं एकटीदुकटीनं जायचं नाही, लहान मुलांना अंगणात सोडायचं नाही, हा इथल्या बायकांचा रोजचा नेम. आपल्याकडं बिबट्या म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी, इथं तो शेजारी आहे.

मावशींनी मासवडी केली होती. नावावर जाऊ नका, ही अगदी शाकाहारी. जुन्नर-नारायणगावकडची खासियत. लसूण-मिरचीच्या फोडणीच्या पाण्यात बेसन घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर हातानं पातळ थापायचं. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं भरड वाटण पसरायचं आणि फडक्यासकट वळकटी करून कडा दाबायच्या. माशासारखा आकार येतो म्हणून मासवडी. गार झाल्यावर कापायची, बरोबर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मावशींची एक सूचना लिहून ठेवण्यासारखी आहे. बेसन गरम असतानाच थापायचं, हात पोळला तरी चालेल. गार झालं की ते चिरतं आणि सारण रश्शात पोहायला लागतं. वड्या ताटात वाढायच्या आणि रस्सा वाटीत वेगळा द्यायचा.

जेवणं झाल्यावर अंथरुणं घातली आणि गप्पांना ऊत आला. मी त्यांना अफानासी निकितीनची गोष्ट सांगितली. हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी १४७० च्या आसपास, म्हणजे वास्को द गामाच्या पाऊणशे नाही तरी पंचवीसेक वर्षं आधी, एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. आपली मुलं आज त्यांची शहरं बघायला जातात, तसा तो आपलं शहर बघत होता. साऱ्या पावसाळ्यात तो इथंच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, असं त्यानं लिहिलंय. इथल्या सुभेदारानं त्याचा घोडा काढून घेतला आणि चार दिवसांत मुसलमान हो, नाहीतर घोडा विसर, असं सांगितलं. शेवटी खुरासानच्या एका ओळखीच्या खोजानं मध्ये पडून त्याचा घोडा आणि धर्म दोन्ही सोडवले. धर्मशाळेत उतरलेल्या परदेशी माणसाला तिथली बाई रांधून वाढते, अंथरूण घालून देते, हेही त्यानं टिपलंय. आणि घोड्यांना साखर-तेल घालून खिचडी खाऊ घालतात, हेही! त्यावर मावशी हसून म्हणाल्या, “मग काय, खिचडी ही घोड्यांचीच. आमच्याकडं आजारी माणसाशिवाय कुणी खात नाही.”

तो वर सांगितलेला डॉक्टर फ्रायर, त्याची गोष्ट बँकवालीनं सांगितली. शिवाजी महाराजांच्याच काळात जुन्नरच्या मोगल सुभेदारानं त्याला मुंबईहून बोलावलं, जनान्यातल्या आजारी बाईला बघायला. रेशमी पडदा, आणि पडद्यातून फक्त एक हात बाहेर. यानं नाडी धरली तर ठणठणीत! औषधाची गरज नाही, असं त्यानं सांगून टाकलं. मग कळलं, परीक्षा घ्यायला आधी एका धडधाकट दासीचा हात पुढं केला होता. त्यानंतर खऱ्या आजारी बाईचा हात आला, नाडी मंद, अशक्त. डॉक्टरचं नाव राहिलं, सुभेदाराचं राहिलं. पडद्याआडच्या बाईचं नाव काही कळत नाही.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “उद्या तुम्ही नाणेघाटाला जाणार ना? मी कधी गेले नाही.” आम्ही चकितच झालो. लग्न होऊन त्या जुन्नरात आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. नाणेघाट इथून तासाभराच्या रस्त्यावर! “कोण नेणार?” त्या म्हणाल्या. “हे होते तेव्हा दुकान होतं. आता हे नाहीत, तर कशाला जायचं म्हणून...” काका जाऊन तीन वर्षं झालीत. जुळ्यांच्या आईनं उठून दिवा लावला आणि म्हणाली, “मावशी, सकाळी सातला तयार राहायचं. डबा मी करते.”

तर रविवारी जीपमध्ये आम्ही पाच जणी. मावशी पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर डब्याची पिशवी. माणिकडोह धरणाचं पाणी उजाडत होतं. पुढं चावंडचा किल्ला दिसतो, सरळसोट कातळाचा. अहमदनगरच्या गादीचा वारस असलेलं लहान पोर शत्रुपक्षानं इथं कैदेत ठेवलं होतं. चांदबिबीनं ते सोडवून आणून १५९५ च्या सुमारास गादीवर बसवलं आणि स्वतः तटावर उभी राहून शहर लढवलं. तिच्या भाच्याचा तो मुलगा. पूरला कुकडेश्वराचं जुनं देऊळ आहे, कुकडी नदी तिथूनच निघते. देवळावरचं कोरीवकाम बघायला तिथं अर्धा तास थांबलो, थोडं अधिक थांबायला हवं होतं, पण ऊन चढायला लागलं होतं.

घाटघरच्या पुढं सपाटी संपते आणि समोर एकदम कोकण. पावसाळ्यात इथं वाऱ्यानं धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, तेव्हा म्हणे पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात सोनेरी वाळलेलं गवत आणि आम्ही. बाजूला जीवधनचा कडा. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याहून माल घेऊन वर येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. कल्याणच्या सोनाराचा तो मुलगा सुलसदत्त याच वाटेनं बैल हाकत आला असणार. मावशी वाकून आत बघत म्हणाल्या, “एवढी नाणी पडायची, मग आता जुन्नरचे रस्ते असे का?” ड्रायव्हरदादा मोठ्यानं हसले.

घळीतून थोडं खाली उतरलं की लेणं. मावशींना दोघींनी धरून नेलं. गुडघे दुखतात त्यांचे, पण मध्येच बसते म्हणाल्या नाहीत. लेणं म्हणजे एक चौकोनी खोली, तीन बाजूंना बाक. मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. आता काही पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी राहिलीत. सिमुक सातवाहन, मग ‘देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी’. नीट वाचा. राणीचं नाव आधी आहे! लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव वर आणि आपलं खाली छापतात, ते सगळ्या जगाच्या आरंभापासून तसंच आहे अशी माझी समजूत होती.

डाव्या-उजव्या भिंतींवर तो लेख. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. १८२८ मध्ये कर्नल साइक्सनं तो प्रथम बघितला, पुढं भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी वाचला. अक्षरं झिजलीत, पण कलत्या उन्हात उमटून दिसतात. सातकर्णी राजा वारलेला आहे, मुलगा वेदिश्री लहान आहे, आणि राणी नागनिका कोणकोणते यज्ञ झाले आणि त्यांत काय काय दक्षिणा दिली त्याचा हिशेब लिहवून घेते आहे. अश्वमेध, राजसूय. गायी एक हजार एक. कार्षापण चोवीस हजार चारशे. पै-पैचा हिशेब! आणि ही नुसती यादी नाही. हे आकडे भारतातल्या अगदी जुन्या अंकांपैकी आहेत. दोन, चार, सहा, सात, नऊ यांची रूपं अशी, की आपल्या ओळखीच्या अंकांचे ते पूर्वज आहेत हे समजावं. शून्य मात्र तेव्हा नव्हतं, हजाराला नि शंभराला वेगळी चिन्हं होती. मी रोज फळ्यावर हेच अंक काढते आणि मुलं ‘सात’ उलटा काढतात म्हणून रागावते. त्या भिंतीसमोर उभी राहून मी बराच वेळ नुसता सात शोधत होते.

मावशी मागच्या बाकावर टेकल्या होत्या. “काय लिहिलंय गं त्या बाईनं?” त्यांनी विचारलं. मी टिपणं काढली आणि वाचून दाखवलं. यज्ञांची नावं, गायी, हत्ती, चांदीची भांडी. आणि मग राणीनं स्वतःविषयी लिहवून घेतलेले शब्द: मासोपवासिनी, महिना महिना उपास करणारी, गृहतापसी, घरात राहून तपस्विनी झालेली. मावशींनी ‘गृहतापसी’ हा शब्द मला दोनदा म्हणायला लावला. मग भिंतीकडं बघत म्हणाल्या, “उपास तर आपणही करतो. पण लिहून कुठं ठेवतो?”

त्यावर आम्हा एम.ए.वाल्यांपैकी एकीलाही उत्तर सुचलं नाही. शिवणवालीनं पर्समधून पेन काढून तो शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, तेवढंच. डबा आम्ही लेण्याच्या बाहेर, घळीच्या सावलीत खाल्ला. मेथीचे पराठे, कालच्या उरलेल्या मासवड्या, लिंबाचं लोणचं. मावशींनी पहिला घास खाली कोकणाकडं तोंड करून खाल्ला आणि विचारलं, “ते धुकं आहे तिथं मुरबाड का? माझी नणंद तिथं दिलीय.” चाळीस वर्षांत नणंदेचं गाव वरून असं दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. फोनवरून त्यांनी लगेच नणंदेला कळवलं, “अगं, मी तुझ्या डोक्यावर बसलेय!”

ज्या मैत्रिणींना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात निसर्ग देखणा, पण नाणेघाटात निसरडं आणि गर्दी फार. पुण्याहून किंवा कल्याणहून एसटी आहे, कल्याणची माळशेज घाटातून येते. नाणेघाटासाठी जुन्नरातून जीप ठरवावी, चौघी-पाच जणींत परवडते. वाटेत हॉटेलं जवळपास नाहीत, पाणी आणि डबा बरोबर हवा, आणि बायकांनी निघण्यापूर्वीच गावातून सगळं आवरून निघावं, हे स्पष्टच सांगितलेलं बरं. लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. पायऱ्या चढवत नसतील त्यांना डोली मिळते. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा, पण मावशी नऊवारीसारखा काष्टा मारून आमच्या आधी वर पोचल्या, तेव्हा ते ज्याचं त्यानं बघावं. चपला नकोत, बूट घाला. आणि शक्य असेल तर जुन्नरातलीच एखादी मावशी, आत्या, काकू बरोबर घ्या. तिनंही ते बघितलेलं नसण्याचा संभव आहे.

जुन्नरहून साडेतीनची गाडी मिळाली. मावशी स्टँडवर आल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात भाजलेल्या तिळाची पुडी ठेवली, मासवडीसाठी. “पुढच्या वेळी तुळजा लेणी,” त्या म्हणाल्या. “तीही मी बघितलेली नाहीत.”